चिठ्ठी कुणाच्या रानात पडते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शेतीसंशोधनातलं संख्याशास्त्र या विषयावर बोलाल का, अशी विचारणा झाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, फोन चुकून माझ्याकडे आला असावा. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही गणिताला लांबून वळसा घालून. तरीही हो म्हटलं. कारण २०२२ सालच्या ऑक्टोबरातली एक दुपार मनात अडकून बसली आहे, आणि त्या दुपारी मी जे केलं ते मला फारसं शोभणारं नव्हतं.

आमचं रान हातकणंगल्याच्या शिवारात. हा तालुका ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दक्षिणेला पंचगंगा, उत्तरेला वारणा आणि मध्ये आळत्यापासून कुंभोज-बाहुबलीकडे गेलेली डोंगरांची रांग. सखल भागात काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि ऊस. डोंगराच्या अंगाला मुरमाड माळ. तिथं पडलेला पाऊस तासाभरात वाहून जातो. खोडवा निघाला की उसाला बेवड चांगला म्हणून काळ्या रानातही सोयाबीन घेतात. आमच्या थोरल्या भावानं, आम्ही त्यांना भाई म्हणतो, त्या वर्षी ओढ्याकाठच्या तुकड्यात सोयाबीन केलं होतं. परतीच्या पावसात ओढा भरला, रानात पाणी तुंबलं आणि झाडावरच्या शेंगांना कोंब फुटले. विमा उतरवला होता. पण अशा नुकसानीची खबर तेव्हा बहात्तर तासांत द्यायची असे. भाईंना हे कळलं तेव्हा पाचवा दिवस उजाडला होता.

आता एकच आशा उरली होती, पीक कापणी प्रयोगाची. मंडळातल्या काही ठरावीक रानांत दोरीनं चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून वजन करायचं. अशा सगळ्या चौकोनांची सरासरी काढून मंडळाचं उत्पन्न ठरतं. ते ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाही तर कुणालाच नाही. या पातळीला सरकारी भाषेत ‘उंबरठा उत्पन्न’ म्हणतात. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तरानं गुणलं की ते मिळतं. शब्द मात्र छान आहे. उंबरठ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे त्यावरून ठरतं.

तर प्रयोगासाठी गट नंबर निघाला तो नेमका माळाच्या कडेचा. तिथं पाणी थांबलंच नव्हतं, सोयाबीन कसं ताठ उभं. भाई म्हणाले (घरात आम्ही दख्खनी बोलतो, मी मराठीत सांगतो), “तुला सगळे ओळखतात. तुझं नाव पेपरात येतं. जा, त्या पोरीला सांग, चौकोन आपल्या रानात टाक म्हणावं.”

ती पोरगी म्हणजे कृषी सहायक. पंचविशीची असेल. मी गेलो. इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चाचा, गट नंबर मी निवडत नाही. ते आधीच चिठ्ठीनं ठरलेलं असतं. उद्या मी तुमच्या भावाचं रान घेतलं, तर परवा ज्याचं पीक चांगलं आहे त्याचंही घेता येईल की मला. मग त्या आकड्याला काय अर्थ राहिला?”

मी गप्प बसलो, पण तिथून हललो नाही. पुढचं सगळं बघत उभा राहिलो.

रानाचा नैऋत्य कोपरा धरून ती सुरुवात करते. तिथून किती पावलं आत जायचं आणि किती पावलं आडवं, हेही यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. यादृच्छिक म्हणजे ज्यात कुणाच्या मर्जीचा हात नाही असं. तिथं खुंटी. खुंटीपासून दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन. चौकोन तिरपा होऊ नये म्हणून कर्ण मोजायचा, तो ११.१८ मीटरच भरला पाहिजे. मग दोरी ताणायची. ज्या झाडाचा बुंधा दोरीच्या आत, ते झाड आत. फांद्या कितीही बाहेर लोंबू द्यात. बुंधा बाहेर असेल तर शेंगांनी लगडलेलं झाडही बाहेरच.

या चौकोनाचं क्षेत्र पन्नास चौरस मीटर. हेक्टरी उत्पन्न काढायला आलेल्या वजनाला दोनशेनं गुणायचं. म्हणजे चौकोनात पाच किलो सोयाबीन निघालं तर हेक्टरी दहा क्विंटल. अर्धा किलो इकडचं तिकडं झालं तर हेक्टरी क्विंटलभराचा फरक. अर्धा किलो म्हणजे मूठभर झाडं हो!

कापणी चालू होती. रानमालकासह आम्ही पाच-सहा जण भोवती उभे. सगळ्यांना मनातून वजन कमी यायला हवं होतं, अगदी ज्याचं पीक चांगलं होतं त्यालाही. कारण भरपाई सगळ्या मंडळाला. आणि मी, आयुष्यभर खरेपणावर कविता लिहिलेला माणूस, दोरीला लागून असलेलं एक लगडलेलं झाड पायानं हळूच बाहेर रेललं.

तिनं पाहिलं. काही न बोलता वाकली, झाड सरळ केलं, बुंध्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “चाचा, हे आत आहे.” झाड कापून ढिगात टाकलं.

नंतर बांधावर चहा घेताना तिच्याच्यानं राहवलं नाही. म्हणाली, “कॉलेजात आम्हाला पानसे-सुखात्मे होते. त्यात लिहिलंय, झाड आत ओढलं तर काय होतं आणि बाहेर ढकललं तर काय होतं.” मला वाटलं हे तिचे प्राध्यापक असतील. ते निघालं एका पुस्तकाचं नाव. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ साली काढलेलं, शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारं इंग्रजी पुस्तक. देशभरच्या शेतकी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर पोसल्या. लेखक दोघं, विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे १९११ साली जन्मले ते आपल्या जवळच्या सातारा जिल्ह्यात, बुध गावी. मराठीतले दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले कवीसुद्धा मला तोंडपाठ, आणि आपल्या ताटातल्या धान्याचा हिशेब बसवून देणारी ही माणसं मला ऐकूनही ठाऊक नव्हती. लाज वाटली. मग पुस्तकं मिळवून, माहीतगारांना विचारून वाचत गेलो. त्यातलं जे मला उमगलं तेवढंच सांगतो.

या माणसांच्या आधी काय होतं? आणेवारी. हा शब्द आपल्याकडे आजही जिवंत आहे. आणे गेले, पैसेवारी आली, तरी जुनी माणसं आणेवारीच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावकामगारानं बांधावर उभं राहून नजरेनं ठरवायचं, यंदा दहा आणे, यंदा सहा. त्याला पेरणीचं क्षेत्र आणि ठरलेला उतारा यांनी गुणलं की जिल्ह्याचं उत्पन्न हजर! नजर वाईट नव्हती. पण नजर ज्याची, मतलबही त्याचा. सारा द्यायचा असला की पीक कमी दिसतं आणि तालेवारी दाखवायची असली की जास्त. शिवाय बांधावरून दिसतं ते रस्त्याकडेचं रान, आतलं नाही.

यावर पहिला उतारा शोधणाऱ्यांत एक इंग्रज अधिकारी होते, हबॅक. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी बिहार-ओरिसात भाताची छोटी छोटी तुकडेकापणी केली, जागा चिठ्ठीसारख्या पद्धतीनं निवडून. पुढे वऱ्हाडात कापसासाठी पानसे आणि कळमकर यांनी १९४० च्या दशकात अशा पाहण्या घातल्या. हे कळमकर इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करून आलेले. पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले. आणि सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९४० पासून दिल्लीत कृषी अनुसंधान परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात.

त्याच काळात कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबीस तागाच्या आणि भाताच्या पाहण्या करत होते. दोघंही मोठे, दोघांचाही चिठ्ठीवर विश्वास. वाद झाला तो चौकोनाच्या आकारावरून. महालनोबीस म्हणत, तुकडे लहान घ्या, पण पुष्कळ घ्या. त्यासाठी आपली शिकवलेली माणसं पाठवा. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा मोठा घ्या, आणि गावात आधीपासून असलेल्या महसूल आणि शेतकी खात्याच्या माणसांकडूनच काम करून घ्या, म्हणजे पाहणी दरवर्षी चालेल. हा वाद नुसता कागदावर राहिला नाही. मुरादाबाद जिल्ह्यात १९४४-४५ च्या हंगामात सुखात्म्यांनी गव्हाच्या एकाच प्रकारच्या रानांत लहान-मोठे तुकडे कापून पाहिले आणि निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापले. दोन फूट त्रिज्येच्या चिमुकल्या वर्तुळातून काढलेला बागायत गव्हाचा उतारा खऱ्यापेक्षा चाळीस टक्क्यांहूनही जास्त येत होता!

का? कुणी चोरी करत होतं म्हणून नव्हे. कापणाऱ्याचा हात काठावरच्या ताटाला नकळत आत घेतो. लहान तुकड्यात काठ जास्त, पोट कमी, म्हणून चूक फुगते. तुकडा मोठा केला की काठाचा वाटा कमी होतो आणि चूकही. आजचा दहा बाय पाच मीटरचा चौकोन याच विचारातून आलेला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. मुरादाबादच्या त्या माणसांचा हात आत ओढत होता, माझा पाय बाहेर ढकलत होता, एवढाच काय तो फरक.

काही जण विचारतील, हे पीकमोजणीचं झालं. संशोधनात संख्याशास्त्राचं काय काम? त्यासाठी आमच्या अब्बांची एक गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आमच्याकडे भुईमूग असायचा, एसबी अकरा. अब्बांनी कुठूनसं नवं बियाणं आणलं. आधी थोडं लावून बघू म्हणाले. माणूस सावध होता. त्यांनी रानाचा पश्चिमेचा कोपरा नव्या बियाण्याला दिला, बाकी सगळा जुना. काढणीला नव्या वेलांना शेंगाच शेंगा. जुन्याच्या जवळपास दुप्पट. अब्बांनी दुसऱ्या वर्षी उसनवारी करून सगळ्या रानात नवं बियाणं टाकलं. उत्पन्न आलं नेहमीएवढंच, उलट कर्ज डोक्यावर. आमच्या आईनं तेव्हा एकच वाक्य ऐकवलं, “तिथं उकिरडा होता.” खरंच होतं. आजोबांच्या काळापासून वीसेक वर्षं त्या कोपऱ्यात शेणखताचा ढीग पडत असे. दुपटीचं श्रेय बियाण्याचं नव्हतं, उकिरड्याचं होतं. अब्बांनी फसवलं नव्हतं कुणाला. आवडत्या पोराला चांगला पाट द्यावा, तसा नव्या बियाण्याला चांगला कोपरा दिला.

रॉथमस्टेडच्या केंद्रात १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. आकड्यांचे ढीग पडले होते आणि त्यातून नक्की काय निघतं ते सांगता येत नव्हतं. १९१९ साली तिथं रोनाल्ड फिशर नावाचा तरुण आला. त्यानं सांगितलेलं सार आपल्या भाषेत असं: एकाच बियाण्याला एकच वाफा देऊ नका, तीन-चार द्या, वेगवेगळ्या ठिकाणी. कुठला वाफा कुणाला, हे तुम्ही ठरवू नका, चिठ्ठी टाका. आणि जमीन जिथं बदलते तिथं तिचे गट पाडा, म्हणजे प्रत्येक बियाण्याला बऱ्यावाईट दोन्ही जमिनी भेटतील. यातलं पहिलं मला फार महत्त्वाचं वाटतं. तेच बियाणं चार वाफ्यांत चार तऱ्हेचं येतं. हा जो आपसातला फरक, तो मोजल्याशिवाय दोन बियाण्यांमधला फरक खरा की उकिरड्याचा, हे सांगताच येत नाही. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात किंवा पाडेगावला उसाची नवी जात निघते, ती असल्या चाचण्यांतून वर्षानुवर्षं घासून. रस्त्याच्या कडेला बोर्ड लावून उभं केलेलं प्रात्यक्षिकाचं रान आणि केंद्रातला तो कंटाळवाणा, तुकड्यातुकड्यांचा प्लॉट यांतलं अंतर हेच. एक दाखवायला असतं, दुसरं बघायला.

आता भाईंकडे परत येतो. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर आली. भरपाई शून्य. भाई माझ्याशी आठ-दहा दिवस बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, “तुझ्या त्या शास्त्रात माझं रान कुठं आहे?” प्रश्न चुकीचा नाही. सरासरीत भाई नसतातच.

मग भाईंचंच रान का मोजत नाहीत? तेही आपल्या देशात करून झालं आहे. १९७२-७३ पासून गुजरातेत एच-४ कापसासाठी शेतकरीनिहाय विमा सुरू झाला. नंतर तो इतरत्रही नेला. १९७८ पर्यंत त्यात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई गेली ३७.८८ लाख. योजना बसली. त्या वेळी वि. म. दांडेकरांनी, म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेतल्या आणि पुन्हा साताऱ्यातच जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी, वेगळी वाट सुचवली. एकेक रान मोजू नका, परिसर मोजा. पीक कापणी प्रयोगांचे आकडे आपल्याकडे आहेतच, ते वापरा. १९७९ मध्ये त्या धर्तीवर प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये देशव्यापी, आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजनाही त्याच पायावर उभी आहे. सुखात्म्यांनी आकडा दिला आणि दांडेकरांनी त्या आकड्याला पैशाची जबाबदारी दिली. गंमत अशी की भूक कशी मोजायची यावरून पुढे हेच दोघं एकमेकांशी कडाडून भांडले. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेलाच असतो असं नाही, माणसामाणसांत आणि एकाच माणसात रोजच्या रोज फरक असतो, असं सुखात्मे म्हणायचे. हे त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही, मलाही पुरतं पटत नाही. पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे, हे सरासरी काढणाऱ्यालाच ठाऊक असावं, याचं मला बरं वाटलं.

दांडेकरांच्या सूचनेत एक अट होती, आणि ती आपण सोयीस्कर विसरलो आहोत. परिसर एकजिनसी हवा. म्हणजे ज्या भागात पीक बुडतं तेव्हा सगळ्यांचं बुडतं आणि साधतं तेव्हा सगळ्यांचं साधतं, असा. आमच्या भागात काय होतं? ओढ्याकाठचं काळं रान आणि डोंगराकडचा माळ एकाच हिशेबात. अतिवृष्टीत काळं बुडतं, माळ तरतो. पावसानं ताण दिला की उलटं. दोन्ही वर्षी सरासरी गोंडस, आणि दोन्ही वर्षी अर्धं शिवार रडतं. याचा दोष चिठ्ठीचा नाही, त्या पोरीच्या दोरीचा तर नाहीच नाही. आधी जमिनीचे थर पाडा आणि मग प्रत्येक थरात चिठ्ठी टाका, हे पानसे-सुखात्म्यांच्या शास्त्रातच सांगितलेलं आहे. मंडळाच्या सीमा कारभाराच्या सोयीनं पडतात, मातीच्या रंगानं नव्हे. आणि हे जास्तच टोचतं आता. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात बहात्तर तासांतल्या खबरेची ती वाट बंद झाली, भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावरच ठरू लागली. ज्या आकड्यावर एवढं ओझं टाकायचं, त्याचे प्रयोग वाढवायला आणि गट नीट पाडायला नकोत का?

शेवटी थोडं घरचं. २०२५ च्या त्या खरिपात दुकानदारानं भाईंना सोयाबीनचं नवं बियाणं भरीला घातलं. महाग होतं. भाईंनी एकच पिशवी आणली आणि मला बोलावून घेतलं. “तुझं ते शास्त्र काढ बाहेर,” म्हणाले. आम्ही रानाचे आठ पट्टे पाडले, दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीत एक पट्टा नव्याला, एक जुन्याला. कुठला कुणाला, ते ठरवायला भाईंनी नमाजाची टोपी पालथी केली आणि नातवाला चिठ्ठ्या काढायला लावल्या. अब्बांचा उकिरड्याचा कोपरा जुन्या बियाण्याला गेला. भाई जरा हिरमुसले, पण चिठ्ठी बदलली नाही.

काढणीला आठही ढीग वेगळे मळले, वेगळे तोलले. नव्या बियाण्याच्या चार पट्ट्यांत सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट यांच्यात सहा किलोंचा फरक. जुन्याच्या चारांत सात किलोंचा. आणि दोघांच्या सरासरीत जेमतेम किलोभराचा. भाई वही बघत बसले.

“म्हणजे काहीच कळलं नाही की.”

“कळलं. एवढ्याश्या फरकावरून नवं चांगलं म्हणता येत नाही.”

“एवढंच? ह्यासाठी आठ वेळा मळणी?”

मी काही बोललो नाही. त्यांनी वही मिटली, पेन कानाला लावलं आणि दुकानदाराला फोन केला. पुढच्या हंगामासाठी सांगून ठेवलेल्या पिशव्या नकोत म्हणाले.